बिनमुळाचा शब्द आणि पावणेदहाची मेट्रो

पत्र :

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते. नवरा चांगला आहे, मुलगा दहावीला आहे. रोज सुभाषनगरहून सीताबर्डीला मेट्रोनं जाते. गेल्या पावसाळ्यात मेट्रोतच एका गृहस्थांशी ओळख झाली, ते एलएडी चौकाला चढतात. बोलणं म्हणजे पाऊस, उकाडा आणि मी वाचत असते ते पुस्तक. मी काय वाचते हे विचारणारा इतक्या वर्षांतला हा पहिला माणूस. एकदा त्यांनी एक लेख पाठवायला माझा नंबर घेतला. बस्स, घडलं ते इतकंच.

पण तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. त्यांचा मेसेज आला की दिवस सोन्याचा. नुसता अंगठा आला की घास उतरत नाही. ते पुढच्या गाडीत असतील म्हणून मी समोरची गाडी सोडून देते. मला त्यांच्याशी संसार थाटायचा नाही, त्यांचा हातसुद्धा धरायचा नाही. त्यांनाही माझ्याबद्दल असंच वाटतं का, एवढंच एकदा कळलं पाहिजे.

भाचीनं सांगितलं, "मावशी, याला लिमरन्स म्हणतात." मराठीत त्यावर धड काही मिळालं नाही. एके ठिकाणी वाचलं की हा शब्द लॅटिनमधल्या ‘उंबरठा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. वाचून रडूच आलं, कारण मी उंबरठ्यावरच तर उभी आहे. खरंच असा अर्थ आहे का? हा आजार आहे का? की हे खरं प्रेम आहे आणि मी भित्री आहे? त्यांना सांगू का? नवऱ्याला सांगू का?

– उंबरठ्यावरची, नागपूर

उत्तर :

ताई, आधी तो उंबरठा बाजूला करते. ‘लिमरन्स’ या शब्दात उंबरठा नाही. लॅटिनमध्ये ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा हे खरं, आणि त्यावरून इंग्रजीत काही शब्द आले आहेत हेही खरं. हा मात्र त्यांतला नाही. अक्षरं जुळतात म्हणून कुणीतरी नातं लावून दिलं आणि ते ऐकायला गोड असल्यामुळे लोकांनी पुढे नेलं.

या शब्दाची जन्मकथा ठाऊक असण्याचं भाग्य आपल्याला आहे, कारण ती अगदी अलीकडची आहे. डोरोथी टेनोव्ह नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट विद्यापीठात शिकवायच्या. १९७०च्या दशकात त्या माणसं प्रेमात पडतात म्हणजे नेमकं काय होतं याची माहिती गोळा करत होत्या. मुलाखती, प्रश्नावल्या, लोकांच्या डायऱ्या असं पाचशेहून जास्त माणसांचं अनुभवकथन त्यांच्याकडे जमलं. १९७९मध्ये त्यांचं ‘लव्ह अँड लिमरन्स’ हे पुस्तक आलं. शब्द त्याच्या थोडा आधी त्यांनीच घडवला होता. मधल्या काळात त्यांनी ‘ॲमोरन्स’ असाही एक शब्द वापरून पाहिला. त्यात लॅटिन ‘आमोर’, म्हणजे प्रेम, स्पष्ट दिसतं. पण त्या परत ‘लिमरन्स’वर आल्या, आणि याला कसलंही मूळ नाही, दिसायला बरा आहे, फ्रेंचमध्येही चांगला चालतो, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. व्युत्पत्ती शोधणाऱ्यांच्या तोंडावर दारच लावलं म्हणा ना.

मूळ असलेला शब्द हाताशी असताना बिनमुळाचा का निवडला असेल? माझी अटकळ अशी की ‘आमोर’ घेतला असता तर दोन हजार वर्षांची कविता त्याच्या मागून आली असती. त्यांना ‘प्रेम’ या शब्दापासूनच लांब जायचं होतं, कारण लोक एकाच शब्दात आईची माया, नवरा-बायकोची सवय, देहाची ओढ आणि हे डोक्यात घुसून बसलेलं भूत असं सगळं कोंबत होते. शिवाय त्यांच्या लक्षात आलं की काही माणसांना ही अवस्था आयुष्यात कधीच येत नाही. ती प्रेम करतात, संसार करतात, पण गाडी सोडून पुढच्या गाडीची वाट पाहत नाहीत. अशा माणसाला तुमचं पत्र दाखवलं तर तो म्हणेल, "अवो, मंग दुसऱ्या डब्यात बसा ना!" आणि त्यात त्याचा दुष्टपणा नसेल. त्याला खरोखर कळलेलं नसेल.

आता अर्थाकडे. टेनोव्हबाईंनी या अवस्थेच्या ज्या खुणा नोंदवल्या, त्या तुमच्या पत्रात जवळपास ओळीनं आहेत. विचार आपण आणत नाही, ते येतात, आणि कामाच्या मधोमध येतात. एका वेळी एकच माणूस. त्याच्या वागण्यावर आपला दिवस ठरतो. समोर आला की जीभ अडखळते. छातीत मधोमध खरीखुरी कळ येते. त्याच्यातलं चांगलं तेवढं मोठं दिसतं आणि खटकणारं एकतर दिसत नाही किंवा तेही गोड वाटू लागतं. अडचणी आल्या की ओढ कमी होण्याऐवजी वाढते. मुख्य मागणी मात्र एकच : त्यालाही तसंच वाटावं. देहाची इच्छा असली तरी ती मध्यभागी नसते. तुम्ही लिहिलंत ना, "हातसुद्धा धरायचा नाही", ते वाचून एखादी मैत्रीण म्हणेल की ही स्वतःला फसवते आहे. मला तसं वाटत नाही. तुमचं वाक्य त्या वर्णनात चपखल बसतं.

खुणा दिसायला पुष्कळ असल्या तरी हे सगळं ज्यावर जगतं त्या गोष्टी दोनच, आशा आणि अनिश्चितता. नुसती आशा असेल तर लग्न होतं किंवा निदान चहा होतो. नुसता नकार असेल तर माणूस रडतो, झुरतो आणि हळूहळू सुटतो. दोन्ही एकत्र असतील तरच हे पीक येतं. तुमच्या त्या गृहस्थांनी तुम्हाला नकळत नेमकं हेच खत घातलं आहे. एक दिवस लांब मेसेज, दुसऱ्या दिवशी अंगठा, तिसऱ्या दिवशी निळ्या खुणा आणि शांतता. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक टोचा मारल्यावर हमखास दाणा मिळणाऱ्या कबुतरांपेक्षा, कधी मिळेल याचा भरवसा नसलेली कबुतरं जास्त नेटानं टोचत राहिली. दाणा कायमचा बंद केल्यावरही ती सहजासहजी थांबली नाहीत. या फोननं आपल्या सगळ्यांचंच कबूतर केलं आहे, तुम्ही काही एकट्या नाही.

टेनोव्हबाईंच्याही दीडशे वर्षं आधी स्तांदाल या फ्रेंच लेखकानं यातला एक भाग पकडला होता. मिलानमधल्या एका स्त्रीवर त्याचं एकतर्फी प्रेम होतं. १८२२मध्ये त्यानं प्रेमावर पुस्तक लिहिलं आणि त्यात साल्झबर्गच्या मिठाच्या खाणीचं उदाहरण दिलं. पानं झडलेली वाळकी डहाळी खाणीत टाकली आणि काही महिन्यांनी काढली, तर ती मिठाच्या स्फटिकांनी अशी लखलखते की मूळची काटकी ओळखू येत नाही. टेनोव्हबाईंनी हे उदाहरण घेतलं, पण एक पुस्ती जोडली. त्यांचं म्हणणं असं की माणूस गुण नव्यानं कल्पून चिकटवत नाही. असलेल्याच गुणांवर डोळे खिळवतो आणि उरलेल्याकडे बघणं सोडतो. तुमचे गृहस्थ पुस्तकाबद्दल विचारतात हे खरंच आहे. ते चांगलंच आहे. त्यावर जे झळकतं आहे ते मात्र तुमच्या खाणीतलं मीठ आहे.

उंबरठा तुम्हाला हवाच असेल, तर आपल्याकडे एक आहे. रामटेक आपल्यापासून किती लांब, पन्नासेक किलोमीटर. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. तिथं शाप भोगत बसलेला यक्ष ढगाला सांगतो की अलकेला, माझ्या नगरीला, पोहोचलास की माझी बायको तुला कशी दिसेल, तर उंबरठ्यावर एकेक फूल मांडून विरहाचे उरलेले महिने मोजताना. शाप वर्षाचा, त्यातले चार महिने शिल्लक. हे चित्र मला फार आवडतं, पण तुमच्यासाठी ते वेगळ्या कारणानं काढलं. तिला मोजता येतं. तिचा माणूस तिचाच आहे हे तिला ठाऊक आहे, वियोगाला शेवट आहे, म्हणून फुलांचा हिशेब लागतो. ती विरहिणी आहे आणि तिची व्यथा खरी आहे, पण लिमरन्समध्ये ती नाही. तुम्ही कशाची फुलं मांडणार? "बहुतेक त्यांना वाटत असावं" आणि "बहुतेक नसावं" यांची मोजदाद कुठं संपत नाही.

आपल्या जुन्या लोकांना ही अवस्था ठाऊक नव्हती असं मात्र समजू नका. वात्स्यायनानं ‘कामसूत्रा’त कामाच्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत. डोळ्यांना आवडणं, मन जडणं, मनसुबे रचणं, झोप उडणं, अंग वाळणं, इतर गोष्टींतून मन उठणं, लाज सुटणं, वेड, मूर्च्छा आणि शेवटी मरण. चौथ्या-सहाव्या पायरीवर तुम्ही स्वतःला ओळखाल. गंमत म्हणजे ही यादी त्यानं परस्त्रीच्या मोहाविषयीच्या प्रकरणात दिली आहे, आणि ती पुरुषाला उद्देशून आहे. मेट्रोनं बँकेत जाणाऱ्या बाईचं काय, हे त्याला कोण विचारणार!

मराठी शब्दाचं म्हणाल तर ‘ध्यास’ मला इथं द्यायचा नाही. आपण तो चांगल्या कामाला वापरतो आणि तुमचं मन लगेच त्याचा आधार घेईल. ‘हुरहूर’ फार हलकी पडते. जुन्या मराठीतलं ‘पिसं’, म्हणजे वेड, सगळ्यात जवळचं वाटतं. पिसं लागतं, आपण लावून घेत नाही. ‘लिमरन्स’च्या वर्णनात हीच गोष्ट पहिली येते, की हे इच्छेनं होत नाही. म्हणून लागलं याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. लागल्यावर काय करायचं ते आपल्या हातात असतं, आणि त्याकडे मी येतेच आहे.

आजार आहे का, तर नाही. मानसिक विकारांचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये लिमरन्स नावाचं निदान नाही. १९९९मध्ये इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या दोनातेला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या वीस जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन या मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाशी संबंधित एका प्रथिनाचं प्रमाण त्यांच्यात कमी निघालं, आणि मंत्रचळ, म्हणजे तेच ते विचार थांबवता न येण्याचा विकार, असलेल्या वीस रुग्णांमध्येही तसंच कमी निघालं. वर्ष-दीड वर्षानं प्रेमवीरांपैकी काहींना पुन्हा तपासलं तेव्हा ते पूर्ववत झालेलं होतं. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. मला त्यातला शेवटचाच भाग महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उतरतं. टेनोव्हबाईंचाही अंदाज साधारण दीड ते तीन वर्षांचा होता, अर्थात आशेला खतपाणी मिळत राहिलं तर पुढेही चालतं. दुसरी एक अवस्था असते, ‘तो माझ्यावरच प्रेम करतो आणि मला खुणा पाठवतो’ अशी पक्की खात्री होण्याची. तो भ्रम आहे आणि त्याला उपचार लागतात. तुम्ही तर "असंच वाटतं का" हे विचारता आहात, म्हणजे तुमची शंका शाबूत आहे. ती असू द्या.

तरीही एक रेघ आखून ठेवते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, काउंटरवर कॅशमध्ये चुका होऊ लागल्या, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर सदराच्या उत्तराची वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. सरकारचा टेलि-मानस हा १४४१६ क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता तुमचा खरा प्रश्न. हे प्रेम आहे आणि मी भित्री आहे का? ताई, भावना किती जोरदार आहे यावरून समोरच्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. आपल्याला वाटतं, उगाच का कुणाबद्दल इतकं वाटेल! उगाच वाटू शकतं. आशा आणि शंका योग्य प्रमाणात मिळाल्या की कुणाहीबद्दल वाटू शकतं. या गृहस्थांना डबा कोण करून देतं, ते चिडतात कशावर, आजारी आईशी कसे बोलतात, यातलं तुम्हाला काय माहीत आहे? तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी एकच ठोस गोष्ट आहे, की त्यांनी पुस्तकाबद्दल विचारलं. बाकी सगळं पत्र तुमच्याविषयी आहे. त्यामुळे तुम्ही भित्र्या वगैरे नाही. धाडस करून ज्याच्याकडे जायचं, तो माणूस तुम्हाला अजून भेटलेलाच नाही.

या अवस्थेतून बाहेर पडायच्या वाटा टेनोव्हबाईंनी तीन सांगितल्या. समोरच्याकडून पक्का होकार येऊन तिचं दुसऱ्या नात्यात रूपांतर होणं, आशेचा दाणा बंद होऊन ती उपाशी मरणं, किंवा ती उचलून दुसऱ्याच माणसावर जाऊन बसणं. पहिली तुम्ही स्वतःच नाकारली आहे. तिसरी कुणी सल्ला म्हणून देत नाही. राहिली उपासमार.

ती अर्धवट करू नका. "फक्त सोमवारी एकाच गाडीनं जाईन", "मेसेज वाचेन पण उत्तर देणार नाही" हे सगळं कबुतराला अधूनमधून दाणा टाकणं आहे, त्यानं मुदत वाढते. लवकरची गाडी धरा, नाहीतर महिना-दोन महिने स्कूटी काढा. मे महिना असला तर शिव्या द्याल मला, द्या. त्यांच्याशी झालेलं संभाषण काढून टाका. लपवून ठेवलेलं पुन्हा उघडलं जातं. त्यांचं स्टेटस दिसणार नाही अशी सोय करा आणि तुमचं त्यांना दिसणार नाही अशीही, कारण सध्या तुम्ही स्टेटस कुणासाठी टाकता हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. भाचीशी या विषयावर रोजची चर्चा थांबवा. लिमरन्सवर वाचणंही थांबवा, माझं हे उत्तर धरून. नाव मिळाल्यानं पहिल्या दिवशी हायसं वाटतं, मग त्या नावाच्या निमित्तानं त्याच माणसाचा विचार करायला नवा तास मिळतो.

पहिले काही आठवडे वाईट जातील. मग एक दिवस त्यांचाच मेसेज येईल, "दिसत नाही हल्ली?" सगळं तिथं ढासळतं. त्याचं उत्तर आजच लिहून ठेवा : "वेळ बदलली आहे. बरं चाललंय." त्यात प्रश्नचिन्ह नको, हसरा चेहरा नको.

त्यांना सांगायचं का? तुम्ही मोकळ्या असता तर मी म्हटलं असतं, सरळ विचारा आणि एका दुपारी निकाल लावून घ्या. अनिश्चिततेवर त्याहून चांगलं औषध नाही. पण तुम्हाला त्यांच्याकडून पुढचं काहीच नको आहे. अशा वेळी ते "हो" म्हणाले तरी पंचाईत आणि "नाही" म्हणाले तरी तुम्ही त्यांच्या आवाजातला कंप शोधत बसाल. शिवाय मेट्रोत चार शब्द बोलणाऱ्या माणसावर हे ओझं टाकायचं कारण काय? नका सांगू.

पत्रातलं एक वाक्य मात्र मी या सगळ्यातून वेगळं काढून ठेवते. "मी काय वाचते हे विचारणारा पहिला माणूस." ही भूक त्या गृहस्थांच्या आधीपासूनची आहे आणि ते गेले तरी राहील. दहावीचा मुलगा असलेल्या घरात ट्यूशन, टेस्ट सीरिज आणि टक्के यांशिवाय बोलणं होत नाही, हे मी नागपुरातल्या कितीतरी घरांत पाहते. यात नवरा वाईट आहे असं नाही, तो बहुधा तुमच्याइतकाच दमलेला आहे. तुम्ही उतरता त्याच्या एक स्टेशन आधी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३पासूनची संस्था. तिथं जा, कार्यक्रम ऐका, पुस्तकांवर बोलणाऱ्या चार बायका शोधा. एकाच माणसाकडून पुरी होणारी गरज चौघींत वाटली गेली की तिची धार जाते. आणि रात्री नवऱ्याला, त्यानं विचारलं नसलं तरी, वाचलेल्या पानाबद्दल सांगून बघा. पहिल्यांदा तो मोबाइलमधून मान वर काढणार नाही. दुसऱ्यांदा सांगा.

त्याला या प्रकाराबद्दल सांगायचं का, यावर मी बराच विचार केला. आत्ता नाही, असं माझं मत आहे. आज सांगितलंत तर तुमचं मन हलकं होईल आणि त्याची झोप जाईल, आणि न घडलेल्या गोष्टीवरून घरात वर्षभर उलटतपासणी चालेल, तीही मुलाच्या दहावीत. आधी दोन-तीन महिने वर लिहिलं तसं करून बघा. ताप उतरल्यावर, तेव्हाही सांगावंसं वाटलं तर सांगा, तोवर त्यात सांगण्यासारखं किती उरलं आहे हे तुम्हालाच कळेल. मधेच त्यानं स्वतःहून "तुला काय झालंय?" असं विचारलं, तर मात्र "काही नाही" म्हणू नका.